एक शब्द पुढे

त्या दिवशी मी डबा घरी विसरलो होतो आणि भाची तो घेऊन दवाखान्यात आली. निमित्त एवढंच.

माझं काम कान तपासायचं. ओळखीचे लोक चेष्टा करतात, हा कान भरत नाही, फुंकत नाही, नुसते तपासतो. ही तळमजल्यावरची खोली माझी, आणि तिच्या आत ती दुसरी, कपाटापेक्षा जेमतेम मोठी. जाड दार, भिंतींना करडा फोम, एक खुर्ची, काचेची चौकट. दार लावलं की बाहेरचा आवाज आत जात नाही. नवखा माणूस आत बसला की त्याला स्वतःचा आवंढा गिळल्याचा आवाज येतो आणि तो दचकतो. जुन्या रबरासारखा वास असतो आत. भिंतींनाही कान असतात म्हणतात. त्या भिंतींना दुसरं काहीच नाही.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून एका जागी ठरायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी ती माझ्याकडे राहत होती. आधीच्या खेपेला थोडक्यात हुकली होती, आणि आईनं बजावून पाठवलं होतं, ही शेवटची संधी, नाहीतर मिळेल ती नोकरी धर. हल्ली तिचा अभ्यास बघून मी थक्क व्हायचो. सकाळी बसली की अंधार पडेपर्यंत मान वर नाही. ताट झाकलेलं तसंच. भिंगरीची पार खुंटी झाली, असं मी बायकोला म्हणालोही होतो.

डबा टेबलावर ठेवला तरी ती जाईना.

"मामा, माझे कान तपासतोस?"

"का गं? ऐकू येत नाही?"

"येतं. जास्तच येतं."

पेशंट नव्हते. तिला आत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि दार लावून बाहेर यंत्रापाशी बसलो. आतल्या माइकमुळे आतलं सगळं मला स्पीकरवर ऐकू येतं. बारीक शिट्टी आली की बटण दाबायचं, एवढीच ती तपासणी. तिचे कान ठणठणीत होते.

"मग जास्त काय ऐकू येतं?" मी माइकवर विचारलं.

ती काचेतून माझ्याकडे बघत नव्हती. समोर कुणी नाही म्हणूनच तिला बोलता आलं असावं. अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीला चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, रीतसर तपासून. त्यातल्या काही ती हिला देत असे. हिला मात्र कुणीही तपासलेलं नव्हतं. फक्त परीक्षा होईपर्यंत, असं दोघींनी ठरवलं होतं.

"पहिल्या दिवशी जादूच वाटली, मामा. रस्ता, पंखा, माझं डोकं, सगळं गप्प. नुसतं पान. आणि मनात वाचताना येतो ना, तो आपलाच आवाज."

"बरं."

"मग लक्षात आलं... तो पुढं असतो. माझी नजर एका शब्दावर, तो पुढच्या."

"झोप नसली की होतं असं."

"मी पान उलटायच्या आधी तो पलीकडचं वाचतो."

"गोळ्या बंद कर आधी."

"केव्हाच केल्या." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तो थांबत नाही... आईला सांगू नकोस."

मी घाबरलो असं नाही. जागरण, उपाशीपोटी घेतलेलं औषध, परीक्षेचा धसका, यातून माणसाला काहीही ऐकू येतं. वरच्या मजल्यावरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना फोन करायचं मी ठरवलं. त्याआधी तिची भीती जावी म्हणून शब्दांची चाचणी लावली. रेकॉर्डिंगमधला माणूस शब्द म्हणतो, ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा. शब्दांचा क्रम संगणक दर वेळी बदलतो, मलाही आधी ठाऊक नसतो.

"खिडकी," रेकॉर्डिंगमधला माणूस म्हणाला.

"खिडकी," भिंगरी म्हणाली.

"दोरा."

"दोरा." आणि लगेच, "पायरी."

"पायरी," तो म्हणाला.

मी नव्या क्रमानं चाचणी पुन्हा सुरू केली. या वेळी ती दोन शब्द पुढं होती. मग किती पुढं ते कळेना. तो माणूसच तिच्यामागून घोकत असल्यासारखा वाटू लागला. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

स्पीकरमधला आवाज चालूच राहिला. भिंगरीचाच आवाज, एकसुरी, कुठं न अडखळता. सुटे शब्द संपून वाक्यं आली होती.

"...मामा उठतो. त्याचा पाय वायरीत अडकतो. तो टेबल धरतो..."

मी उठलो. पाय वायरीत अडकला. मी टेबल धरलं.

दार ओढून उघडलं तेव्हा ती हेडफोन मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागं, बाहेरच्या स्पीकरवर, ती वाचत होती.

तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि दार लोटलं, तसा स्पीकरवरचा आवाज थांबला. भिंगरी कान देऊन उभी राहिली.

"गेला," ती म्हणाली.

कुठं गेला, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

पुढचं सगळं नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. काही दिवस ती नुसती झोपली. त्या वर्षीची परीक्षा बुडाली. बहिणीला मीच सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग फोनवरच रडली. आता भिंगरी एका वकिलांकडे काम करते, छत्र्या हरवते, बोलता बोलता तिसरीकडेच पोचते. छान आहे.

मीही त्या खोलीत पेशंट बसवतच राहिलो. कधी काही झालं नाही.

आज दुपारी एक आजीबाई आल्या, दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. मशीनचा कमाल आवाज त्यांना पोचेना. मी दार उघडलं तर त्या खुशीत बसलेल्या.

"पोरगी छान वाचते हो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पण मधेच का थांबली?"

मी त्यांच्या पाटीवर लिहिलं, कुठं थांबली?

त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं.

"तुम्ही संध्याकाळी घरी पोचता," त्या म्हणाल्या, "आणि कुलपाला किल्ली लावता... तिथं."

म्हणून, सिस्टर, दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तरी मी अजून इथंच बसलोय.