डाव्या हातातला फुगा

"बातमी आली तो दिवस अगदी साधा होता," असं म्हणून काकांनी सुरुवात केली.

गच्चीवर अंथरुणं पडली होती, दिवा मालवला होता. भाचीनं आधीच बजावून ठेवलं होतं, "काका, पांढऱ्या कपड्यातली बाई वगैरे नको हं."

"बाई आहे," काका म्हणाले, "पण ती जिवंत आहे. आणि हे माझ्या शाळासोबत्याच्या बाबतीत घडलेलं आहे, तेव्हा मध्ये मध्ये शहाणपणा नको."

तर हा सोबती मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थेत एमआरआय ऑपरेटर. दवाखान्यातल्या मशीनपेक्षा तिथलं चुंबक कितीतरी पट जोरदार. ते कधी बंद होत नाही. खोलीत कुणी असो नसो, चालूच. आत जाताना घड्याळ, किल्ल्या, पट्टा बाहेर काढून ठेवायचे. पावलं सावकाश टाकायची. घाई केली की गरगरतं. मशीनमध्ये झोपलेल्या माणसाच्या हातात एक रबरी फुगा द्यायचा. त्यानं तो दाबला की बाहेर ऑपरेटरच्या टेबलावर घंटा वाजते. तिचा अर्थ एकच. थांबवा.

त्याचा थोरला भाऊ डावखुरा होता. तिथल्या संशोधक बाईंना डावखुऱ्यांचेच मेंदू तपासायचे होते, म्हणून यानं दादाला गळ घातली. "लहानपणी या हातानं लिहिलं की फटका बसायचा," दादा म्हणाला, "आता बघ कसा मान मिळतोय." फुगाही तो डाव्या हातात मागून घ्यायचा, आणि उगाचच दाबायचा. हा काळजीनं आत गेला की मशीनमधून आवाज यायचा, "काय रे, मेंदू सापडला का?"

पोरं हसली. काकाही हसले, पण थोडंसंच.

त्या साध्या दिवशी हा एका विद्यार्थिनीला मशीनमधून बाहेर घेत होता. वहिनीचा फोन आला. दादा दाढी करता करता पडला होता. डोक्यातली शीर फुटली. दवाखान्यात नेईपर्यंत...



दुःख तर होतंच. पण पाठोपाठ संशयाचा एक किडा याच्या डोक्यात शिरला. महिन्यापूर्वी दादाच्या मेंदूचे फोटो घेतले तेव्हा बाई पडद्याजवळ वाकल्या होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "हलले बहुतेक. पुन्हा एकदा घ्या." पण दादा हलला नव्हता. मस्करी संपली की तो दगडासारखा पडून राही. यानं काचेतून पाहिलं होतं. मग पुन्हा कशाला? बाईंना काही दिसलं होतं का? दिसलं असेल आणि त्या बोलल्या असत्या, तर दादा आज असता. समाचाराला आल्या तेव्हाही वहिनीशीच बोलल्या. याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

"संशय वाईटच," भाचा पुटपुटला.

"वाईट कसला? त्याला तेवढाच आधार होता."

तिथे फोटो नावानं ठेवत नाहीत, आकड्यानं ठेवतात. ऑपरेटरनं ते घ्यायचे, नंतर उघडून बघायचे नाहीत. पण दादाचा आकडा यानंच घातलेला, तो विसरणार कसा? गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्री सव्वाअकरा. शेवटचा माणूस घरी गेला. यानं आतली झोपायची फळी पुसली, नवी चादर घातली, फुगा उशीवर ठेवला, दार लावलं. बाहेर संगणकासमोर येऊन बसला आणि दादाची फाईल उघडायला आकडा टाकला.

घंटा वाजली.

यानं काचेतून पाहिलं. फळी रिकामी. चुंबक थंड ठेवणारा पंप तेवढा चिवचिवत होता. फुग्याच्या नळीला पीळ बसला असेल, असं म्हणून यानं घंटा बंद केली. पुन्हा फाईलकडे वळला.

घंटा.

आता त्याला राग आला. हे बाईंचंच काम. फाईल कुणी उघडू नये म्हणून काहीतरी जोडून ठेवलंय... तोच मागचं दार उघडलं. बाईच होत्या. हातात कॉफीचा कप.

"अजून घरी नाही गेलात?"

"तुम्ही कुठे होतात?"

"वर. माझ्या खोलीत." पडद्यावरचा आकडा त्यांनी वाचला. कप खाली ठेवला.

"त्या दिवशी पुन्हा का घ्यायला लावलंत, बाई? तो हलला नव्हता."

बाईंनी शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"उघडा," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून बघू. मी तेव्हापासून..."

घंटा.

बाईंचे दोन्ही हात याच्या डोळ्यांसमोर होते. रिकामे. यानं घंटा बंद केली. ती लगेच पुन्हा वाजू लागली, थांबेना.

"आत... कोण आहे?"

यानं पट्टा काढला. घड्याळ काढलं. किल्ल्या काढल्या. दार उघडलं. गार हवा. एक पाऊल... मग दुसरं. चादरीवर सुरकुती नाही. उशीवर फुगा नाही. तो डाव्या बाजूला होता. जिथे हात येतो, तिथे. आणि दाबलेला. एकीकडे अंगठ्याचा खळगा. दुसरीकडे चार बोटांचे.

"दादा," तो म्हणाला. "थांबवतो. थांबवलं बघ."

घंटा थांबली.

गच्चीवर भाची उठून बसली. म्हणाली, "रबर आहे, काका. थंडीनं कडक झालं असेल."

"असेल. त्या दोघांनीही तेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी नवा फुगा बसवला. जुना त्याच्या कपाटात आहे, मी हातात घेऊन बघितलाय. मऊ आहे. आम्ही हवा भरून पाहिली. खळगे जात नाहीत. नळी मनगटाकडे धरली तर माझा उजवा हात त्यात बसत नाही." काकांनी अंधारात मूठ वळली. "डावा बसतो."

"आणि त्या फोटोंत काय होतं?"

काकांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"बाई अजून तिथेच आहेत. तोही आहे. ती फाईल त्यानं अजून उघडलेली नाही."