अकरावा प्रश्न

नीरजा मांढरेचं काम फोन करण्याचं होतं. बडोद्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मणक्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटना सहा महिन्यांनी फोन लावायचा, ठरलेले दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं कॉम्प्युटरवर भरायची. किती वेळ बसता येतं, जिना चढता येतो का, पायाला मुंग्या येतात का. दहावा प्रश्न शेवटचा: शून्य ते दहा, दुखणं आज किती? संख्याशास्त्रात एमएस्सी केलेल्या नीरजाला आकड्यांची संगत आवडायची. आकडे टोमणे मारत नसत.

टोमणे घरी होते. सासूबाईंच्या, म्हणजे पद्माबाईंच्या, कमरेचं ऑपरेशन याच हॉस्पिटलात झालं होतं, तेही नीरजाच्याच आग्रहाने. "शंभरातले नव्वद बरे होतात, आई," ती म्हणाली होती. ऑपरेशन झालं, पण कळ कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची ती जातच राहिली, आणि अंगठा बधिर तो बधिरच.

"मला उरलेल्या दहांत कुणी बसवलं गं?" पद्माबाई रोज सकाळी विचारायच्या. "तूच ना?"

नवरा, केयूर, अशा वेळी डबा उचलून गोरव्याला कामावर पळायचा.

मार्चमधल्या एका सोमवारी तिने सुभाष शितोळ्यांना फोन लावला. नंदेसरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले गृहस्थ. ते एकदम भडकले.

"अहो बेन, रोज रोज काय? कालच सांगितलं ने सगळं!"

"काल मी फोन केला नव्हता, काका."

"तुम्हीच होता. आवाज ओळखतो मी. अकरा प्रश्न विचारलेत."

"दहा असतात."

"अकरा. शेवटचा तो, हे दुखणं कुणाला द्यायचं." ते खुदकन हसले. "धाकट्या भावाचं नाव सांगितलं. कोर्टात खेचलंय त्याने मला. लिहा, दुखणं शून्य."

तिने शून्य लिहिलं. मग हॉस्पिटलच्या फोनची नोंद काढून पाहिली. आदल्या दिवशी रविवार होता. एकही कॉल गेला नव्हता.

एप्रिलमध्ये डभोईच्या एका शिक्षिकेने तेच ऐकवलं. तिने शेजारणीचं नाव दिलं होतं. नंतर आणखी तिघांनी. प्रत्येकाचं दुखणं शून्य.

"रिझल्ट काय सुधारलेत!" सर्जन डॉ. अनीश खुशीत होते. "आणि तू तोंड पाडून का बसलीयस?"

त्याच आठवड्यात ओपीडीत व्हीलचेअरवरून एक माणूस आला. आडनाव शितोळे. सुभाषकाकांचा धाकटा भाऊ. काकांच्या जुन्या फायलीत लिहिली होती तीच उजवी मांडी, तोच घोटा दुखत होता.

"एमआरआय एकदम स्वच्छ आहे," डॉक्टर तो गेल्यावर म्हणाले. "नुसती नाटकं."

नीरजाने त्याचे हात बघितले होते. मुठी इतक्या आवळलेल्या, की नखं रुतून तळव्यांतून रक्त आलं होतं.

सासूबाईंचे सहा महिने मे महिन्यात भरत होते. नीरजाने यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. एवढ्या वर्षांत तिने कधी एक आकडाही इकडचा तिकडे केला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी, दुपारी चारला, ती लोणच्यासाठी फरशीवर बसून कैऱ्या चिरत होती. सासूबाई कूलरसमोर खुर्चीत. त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येत असल्याने त्या तो नेहमी स्पीकरवरच घ्यायच्या.

"नमस्कार, पद्माबाई मांढरे ना? थोडे प्रश्न आहेत. पाच मिनिटं लागतील."

आवाज नीरजाचा होता. नावानंतर किंचित थांबायची तिची लकबसुद्धा त्यात होती.

सासूबाईंनी फोनकडे बघितलं. मग तिच्या मिटलेल्या ओठांकडे.

"आई, ठेवा तो फोन."

सासूबाईंनी ठेवला नाही. बसता येतं का, जिना चढता येतो का, सगळ्याची उत्तरं सावकाश, नीट दिली.

"शून्य ते दहा, दुखणं आज किती?"

"नऊ."

नीरजाने हात पुढे केला. सासूबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"हे दुखणं कुणाला द्यायचं?"

कूलर घरघरत होता. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत एवढा वेळ त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"नीरजा."

"पूर्ण नाव?"

"नीरजा केयूर मांढरे. ही काय, समोरच बसलीय."

"धन्यवाद. तब्येतीची काळजी घ्या."

सासूबाई उठल्या. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. कैऱ्यांचं ताट त्यांनी सहज ओलांडलं.

"बस तू. चहा मी टाकते."

नीरजा उठायला गेली. उजव्या पायाला फरशी गार लागली. डाव्या अंगठ्याला काहीच लागलं नाही.

स्वयंपाकघरातून, वळूनही न बघता, सासूबाई मायेने म्हणाल्या, "भिंतीला धरून ऊठ हं, बाळा. डाव्या पायावर एकदम भार टाकू नकोस. डोळ्यांपुढे अंधारी येते."