चिंचेखालचा हात

साईनाथची आणि माझी पहिली नजरानजर झाली, तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये आईच्या हाताचा सांगाडा होता.

कर्जतच्या दवाखान्यातली एक्स-रेची अंधारी खोली. पडद्यावर आईचं मोडलेलं मनगट पांढरंफटक उमटलेलं, आणि त्या उजेडात एक्स-रे काढणाऱ्याचा सावळा चेहरा माझ्याकडे बघत होता... जरा जास्तच वेळ.

"कशा पडलात काकू?" त्याने विचारलं.

"पडले नाय. पाठीवर हात होता," आई म्हणाली. "चिंचेखालच्या बाईनं ढकललं मला."

मला वाटलं, आता हसणार हा. मी भांडायच्या तयारीतच होते. पण तो हसला नाही. उलट त्याने आईचा हात असा काही अलगद उचलून ठेवला की माझं भांडण घशातच राहिलं.

आता ही बाई कोण, ते सांगते. पोशीरला आमच्या घरामागे विहीर आहे, आणि विहिरीवर चिंच. माझी आजी सोनुबाई तिथेच भर दुपारी पडली. खुबा मोडला, अंथरुणाला खिळली आणि कुजत कुजत गेली. 'पाय एकदम गेला गं, कुनीतरी ढकलल्यावानी,' एवढंच म्हणायची. चिंचेखाली कुणी बाई आहे, तिनंच ढकललं, असं सगळ्यांनी धरलं आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन नियम आले. ऊन चढलं की बायकांनी कडी घालून आत बसायचं. आणि सुकट भाजायची नाही, वासावर ती बाई येते म्हणे. सगळं लहानपण मी दुपारी अंधारात बसून काढलं. बाहेर वारा नसायचा, पान हलायचं नाही, तरी झाडावरच्या चिंचा वाजायच्या. कट... कट... कट. त्या दिवशी आई वाळत घातलेल्या कुरडया उचलायला धावली, तेवढीच काय ती बाहेर पडली, आणि मनगट मोडून बसली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं. हाडं आतून पोखरली आहेत. पुढच्या खेपेला खुबा जाईल. गोळ्या चालू ठेवा, पण नाचणी, तीळ, सुकट पोटात जाऊ दे, रोज चाला आणि उन्हात बसा.

"ऊन आनि सुकट," आई घरी आल्यावर म्हणाली. "म्हंजे त्या बाईच्या पुढ्यातच जाऊन बसा म्हना की." तिने कडी घातली. माझ्या डोळ्यांपुढे आजीचं अंथरूण आलं, तो वास आला, आणि मला रडूच फुटलं. आईला मी तसं मरू देणार नव्हते.

रविवारी दुपारी कडी वाजली. आई दचकली. मी फटीतून पाहिलं, तर साईनाथ. भिवपुरीहून बाइकवर आलेला, घामाघूम, हातात पिशवी.

"काकूंचा हात बघायला आलो," तो म्हणाला.

मी पिशवीत डोकावले. नाचणीचं पीठ, तीळ, आणि कागदात घट्ट बांधलेली सुकट. "मुलगी बघायला येताना लोक पेढे आणतात," मी म्हटलं.

"मुलगी बघायला आलोय असं कोण म्हणालं?" तो पाणी प्यायला, आणि तांब्याआडून हळूच म्हणाला, "पेढे काय... नंतरही आणता येतात."

माझे कान तापले. मेला कुठला.

आजीचं आणि त्या दोन नियमांचं मी त्याला दवाखान्यातच सांगून ठेवलं होतं. मग तो आईसमोर खाली बसला. "काकू, राग मानू नका. त्या बाईच्या भीतीनं तुम्ही ऊन तोडलंत, सुकट तोडलीत. अंगाला ऊन नसेल, तर खाल्लेलं हाडापर्यंत पोचत नाही. हाडं उपाशीच राहिली तुमची. आणि आजींचं म्हणाल, तर कधी कधी म्हातारपणी हाड आधी मोडतं आणि माणूस मग पडतो. पाय एकदम जातो. ढकलल्यासारखं वाटणारच."

"आनि माझ्या पाठीवरचा हात?" आईने विचारलं.

"ते मला नाही सांगता येत," तो म्हणाला.

बाहेर चिंचा वाजायला लागल्या.

मी उठले आणि कडी काढली. "आई, तू येत नसशील तर मी एकटी जाते चिंचेखाली. बस तू आत."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. साईनाथने दोन्ही हातांनी तिला आधार दिला आणि ती दोघं पुढे झाली. मी मागे.

ऊन डोळ्यांत घुसत होतं. कावळासुद्धा ओरडत नव्हता. आम्ही झाडाखाली पोचलो आणि चिंचांचा आवाज एकदम थांबला. त्याच क्षणी माझा पाय चिंचेच्या मुळात अडकला. मी तोंडावर आपटणार... तोच पाठीवर हात आला. खरखरीत, उबदार. त्याने माझा कुडता मुठीत धरला आणि मला सरळ उभं केलं.

"साईनाथ, तू धरलंस मला?"

तो पुढे होता, दोन्ही हातांनी आईला धरून. त्याने वळून माझ्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"ढकललं का गं तुला?" आईने घाबरून विचारलं.

"नाही आई... सावरलं."

आई जवळ आली. माझी ओढणी तिने नाकाशी नेली आणि तिचा चेहराच बदलला. भाजलेल्या सुकटीचा वास येत होता. आमची सुकट तर घरात कागदात बांधलेली होती. पण आजीच्या पदराला कायम असाच वास असायचा.

"सासूबाई," आई म्हणाली. "त्या मला धराय आल्या व्हत्या, आनि मी येवढे दिवस त्यांनाच शिव्या घातल्या." ती विहिरीच्या काठावर उन्हात बसली आणि पोटभर रडली. 'बस' म्हणायची गरजच पडली नाही, ती उन्हातच बसून राहिली.

साईनाथचा रंग उडाला होता. पण पळाला नाही. माझ्याकडे बघत उभा होता, त्या अंधाऱ्या खोलीत बघत होता तसाच.

"रुचिता," तो म्हणाला, पहिल्यांदाच नावाने, "मला तू आवडतेस. पेढे... कधी आणू?"

मी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. तेवढ्यात पाठीवर पुन्हा तो हात आला.

आणि या खेपेला मात्र आजीने मला ढकललं. अगदी हलकेच, त्याच्याकडे.