धुळ्याहून आणलेलं दाढीचं यंत्र

आधार मेला आहे हे गावाला कुत्र्यांमुळे कळलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा होत आला होता. मळ्याच्या कडेला जुनी कोरडी विहीर होती. सकाळपासून तिच्याभोवती कुत्री भुंकत होती. विहिरीत केळीचे तोडलेले खांब टाकलेले होते. चार माणसं आत उतरली. खांब बाजूला केले. खाली आधार होता.

तालुक्याच्या ठाण्यातून फौजदार आणि हवालदार शालिग्राम जीपनं आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मे महिना, १९८६ साल. तापीकाठच्या त्या गावात झाडाचं पान हलत नव्हतं.

आधारच्या डोक्याला मागून जखम होती. विहिरीच्या काठाच्या दगडावर वाळलेलं रक्त होतं.

"पाय घसरून पडला असेल," कोणीतरी म्हणालं.

"आणि पडल्यावर अंगावर खांब त्यानंच ओढून घेतले का?" फौजदार म्हणाले.

ते वळले आणि आधारच्या घराकडं निघाले.

आधारची बायको कलाबाई दाराशी बसली होती. कुंकू अजून कपाळावर होतं. ते पुसायला आलेल्या बायकांना तिनं हातानं थांबवलं होतं. शालिग्राम तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याची बायको विमल हिवाळ्यात जळगावला, मेहरूण भागातल्या त्यांच्या घरात वारली होती. तेव्हापासून तो घराला कुलूप लावून ठाण्यामागच्या खोलीत राहत होता. अशा दाराशी काय बोलायचं ते त्याला अजून येत नव्हतं. म्हणून त्यानं फक्त विचारायचं ते विचारलं.

"शेवटचं कधी पाहिलं, अक्का?"

"आखाजीना दोन दिन पहिले. सांजले जेवनात आनि मोटर बंद कराले मळामा गयात."

"परत आले नाहीत, तर शोधलं नाही?"

"हिलालभाऊ बोलनात, सुरतले गया व्हई. रागे भरीसन जायेत त्या कधीमधी." ती थांबली. "रोज दोन भाकरी जास्तीन्या करी ठेवू मी."

"आखाजी झाली का घरात?"

"कसानी आखाजी? सासराना नावनी घागर भी भरनी नही. हिलालभाऊ बोलनात, मोठा भाऊना मान शे, तो येवा दे." आखाजीला घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजायची रीत होती.

हिलाल हा आधारचा धाकटा भाऊ. चार-पाच वर्षं धुळ्याला ट्रकवर होता, मग गावी परतला. बायको नव्हती. घराच्या दुसऱ्या भागात एकटा राहायचा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, पण दाढी वाढलेली. तो सारखा हाताच्या पाठीनं गाल घासत होता.

"भावाशी भांडण होतं का?"

"घरात भांडी असली की वाजतात, साहेब."

"विहिरीत खांब कोणी टाकले?"

"उखर्डूनं. आमचा सालदार. आधारनं त्याला सांगितलं होतं, या आखाजीपासून दुसरीकडं बघ. तेव्हापासून तो डोक्यात राग घेऊन फिरत होता."

"आणि ही दाढी?" शालिग्रामनं सहज विचारलं. "बाकी एवढा टापटीप माणूस तू."

हिलाल आत गेला आणि एक यंत्र घेऊन आला. पिवळट मूठ, तिच्यावर लहानसं चपटं डोकं. शालिग्रामनं ते फिरवून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या यंत्राची मूठ फिरवली की वरचं झाकण निघायचं आणि दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं बदलता यायचं. इथं फिरवायला काहीच नव्हतं. पात्याची धारही एकाच बाजूला होती.

"विलायती आहे, जुनं," हिलाल म्हणाला. "धुळ्याला मोतीलालच्या दुकानातून घेतलं. पाती या डबीतून घालायची. पण डबी संपली. आखाजीच्या आधीच संपली. इथं ती पाती मिळत नाहीत."

डबी बोटाएवढी, पत्र्याची, बंद. शालिग्रामनं ती कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. त्यानं ती परत दिली.

उखर्डूला त्याच दिवशी जीपमध्ये बसवलं. तो पन्नाशीचा, वाकलेला माणूस होता, आखाजी ते आखाजी अशा सालाच्या बोलीवर राबणारा गडी. रस्ताभर एकच सांगत होता.

"मी नही मारं त्यासले, भाऊ. हिलालभाऊनी सांगं, जुनी इहीर बुजाडनी शे, खांब टाक. मी टाकात. खाले कोन शे ते मी काय देखं?"

"कधी सांगितलं?"

"आखाजीना एक दिन पहिले. सक्काये."

हिलाल म्हणत होता, मी सांगितलंच नाही. एकाचा शब्द दुसऱ्याच्या विरुद्ध होता. फौजदारांनी हिलालचा धरला. सालदाराला कामावरून काढलं होतं, खांब त्यानंच टाकले होते. एवढं पुरे होतं. पोलीस कोठडी संपली की त्याला पुन्हा कोर्टात उभं करायचं आणि मग तो जळगावच्या तुरुंगात जाणार, हे ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम गावात पंचांच्या सह्या घ्यायला गेला आणि कौतिक न्हाव्याच्या खुर्चीत बसला.

"हवालदार, तुमची मान कोण करतं हो?" कौतिकनं विचारलं. "मागं सगळं जंगल राहिलंय."

"मीच करतो."

"दिसतंच आहे."

शालिग्राम हसला नाही, पण त्याला बरं वाटलं. "हिलाल येतो का तुझ्याकडं?"

"तो? तो कशाला येईल! ते यंत्र आणल्यापासून रोज सकाळी ओट्यावर आरसा टांगून बसतो. सगळ्या गावाला दिसलं पाहिजे ना. मुंबईचा साहेबच जसा."

"आता तर दाढी वाढलीय."

"तेच ना! आखाजीला सगळं गाव माझ्याकडं गुळगुळीत होऊन गेलं. हा समोरून चालला होता. मी हाक मारली, 'काय हिलालशेठ, यंत्र गंजलं का? या बसा, सणाचं फुकट करतो.' एरवी चार शिव्या देऊन गेला असता. त्या दिवशी नुसता 'नको' म्हणाला. मान खाली घालून गेला."

कोर्टाचं समन्स द्यायला शालिग्रामला धुळ्याला जायचंच होतं. ते काम झाल्यावर तो मोतीलालचं दुकान शोधत गेला. जुनी घड्याळं, कंदील, पितळी कड्या, फुटके ग्रामोफोन. मोतीलाल मधोमध पाटावर बसलेला होता.

"ट्रकवाला हिलाल? हो, माझ्याकडूनच नेलं. तसलं आणखी एक आहे. बघा."

त्यानं फडक्यातून दुसरं यंत्र काढलं. मूठ काळी होती, बाकी सगळं तसंच.

"हे उघडतं कुठून?" शालिग्रामनं विचारलं.

"उघडतच नाही. तीच तर गंमत आहे. आता बघा." मोतीलालनं डबीची लहान जीभ यंत्राच्या डोक्याला बाजूनं अडकवली आणि अंगठ्यानं डबीवरचा खटका पुढं रेटला. नवं पातं सरकत आत गेलं. त्याच्याच रेट्यानं जुनं पातं दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं. "हात लावायला नको, कापायला नको."

"डबीत किती पाती उरली ते कसं कळतं?"

"बाहेरून नाही कळत. आत स्प्रिंग आहे, पाती दाबून धरते. भरली असो की रिकामी, हलवली तरी आवाज येत नाही. खटका रेटायचा. पातं आलं तर आहे. नाही आलं तर संपलं."

शालिग्रामनं यंत्र आणि डबी विकत घेतली. कशासाठी, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. विमल गेल्यापासून त्यानं स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं.

सकाळी खोलीत त्यानं स्टोव्हवर पाणी तापवलं. आरसा खिडकीच्या गजाला अडकवला. यंत्र हलकं होतं. जोर द्यावा लागत नव्हता, नुसतं टेकवून ओढायचं. पातं जाड होतं, त्यामुळं थरथरत नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यात, जिथं त्याला नेहमी कापायचं, तिथं ते लहान डोकं नीट बसलं.

मेहरूणच्या घरात विमल गरम पाण्याची लोटी आणून ठेवायची आणि तिथंच उभी राहायची. "गळ्याखाली राहिलं," म्हणायची. आता त्यानं गळ्याखाली स्वतःच हात फिरवला. राहिलं होतं. त्यानं पुन्हा साबण लावला.

पुसताना त्याच्या हाताची पाठ गालावरून फिरली आणि तिथंच थांबली.

विमल गेली त्या दिवसांत तो असाच गाल घासायचा. दाढी टोचायची. यंत्र समोर फळीवर असायचं, पण हात लावायचा नव्हता. दहाव्याला मेहरूणच्या तलावाकाठी न्हाव्यानं ती उतरवली, तोपर्यंत.

त्यानं डबी उचलली. खटका रेटला. वापरलेलं पातं टेबलावर पडलं.

गणवेश चढवून तो फौजदारांकडं गेला.

"साहेब, उखर्डूला कोर्टात न्यायच्या आधी एकदा गावात चला."

फौजदारांनी घड्याळ पाहिलं. "काय आहे तिथं?"

"दाढीचं यंत्र."

हिलालच्या ओट्यावर शालिग्रामनं वर्तमानपत्र पसरलं. कलाबाई आतल्या बाजूला दाराआड बसली होती. आता कपाळ मोकळं होतं.

"हिलाल, यंत्र आण. डबी पण."

त्यानं आणली.

"पाती नाहीत यात?"

"सांगितलं ना, साहेब. संपली."

"आखाजीच्या आधी?"

"हो."

शालिग्रामनं डबीची जीभ अडकवली आणि खटका रेटला. दुसऱ्या बाजूनं एक डागाळलेलं पातं कागदावर पडलं. त्यानं पुन्हा रेटला. आत गेलेलं कोरं पातं बाहेर पडलं. पुन्हा रेटला. आणखी एक. ती उन्हात चमकत होती.

फौजदार पुढं वाकले.

"पहिलं जुनं, साहेब. बाकीची कोरी आहेत. डबी रिकामी नाही."

"असतील," हिलाल म्हणाला. "आतलं दिसत नाही. मला वाटलं संपली."

"आतलं दिसत नाही, हे खरं. मग संपली असं तुला वाटलं कशावरून? ते कळायला एकच रस्ता आहे, खटका रेटून बघायचा. तू रेटला असतास तर नवं पातं आलं असतं आणि दाढी झाली असती. तू रेटलाच नाहीस. पाती संपली हे तू आम्हाला सांगण्यासाठी शोधलंस."

हिलालचा हात गालाकडं गेला आणि खाली आला.

"बरं, पाती नव्हती असं धरू. कौतिक सणाची फुकट करत होता. तू नको म्हणालास. रोज ओट्यावर आरसा टांगणारा माणूस आखाजीला तसाच राहिला. बापाच्या नावाची घागर तू भरली नाहीस. थोरल्याचा मान, म्हणालास. थोरला गावाला गेला तर धाकट्यानं भरायची असते, हे तुला माहीत नाही असं नाही. दाढी नाही, सण नाही, घागर नाही. माणूस हे कधी पाळतो, हिलाल?"

उत्तर दाराआडून आलं.

"सुतकमा," कलाबाई म्हणाली.

"हो, अक्का." शालिग्रामचा आवाज खाली आला. "गावाच्या हिशेबी आधार तेव्हा सुरतला होता. तुम्ही भाकरी ठेवत होता. तो मेला हे एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि ज्याला ठाऊक होतं तो त्याचं सुतक धरून बसला. उखर्डू कशाला धरेल? तो तुमच्या भाऊबंदांतला नाही. सणाला कौतिकनं ज्यांची दाढी केली त्यांत उखर्डू होता. मी विचारून आलोय."

हिलाल ओट्याच्या कडेला बसला. इस्त्रीच्या शर्टाची बाही तो बोटांत धरून होता.

"वाटणी मागितली," तो म्हणाला. "धुळ्याला जायचं होतं मला. इथं माझं कोण आहे? तो म्हणाला, आखाजीनंतर बघू. दर वर्षी आखाजीनंतर. मी ढकललं. नुसतं ढकललं, साहेब. दगडावर डोकं आपटलं त्याचं."

"मग खांब टाकायला सांगितलंस."

"सांगितलं."

"दाढी केली असतीस तर उखर्डू तुरुंगात गेला असता," फौजदार म्हणाले. "का नाही केलीस?"

हिलालनं कागदावरच्या पात्यांकडं पाहिलं.

"यंत्र हातात घेतलं होतं. आखाजीला सकाळी. साबणही लावला. पण नाही झालं." त्यानं हाताच्या पाठीनं गाल घासला. "त्याला आग दिली नाही, पाणी दिलं नाही. विहिरीत टाकलं. थोरला भाऊ होता माझा. एवढं तरी..."

दाराआडून कलाबाई उठून आत गेली. चुलीवर काहीतरी उतू जात होतं, तिनं ते उतरवलं.

संध्याकाळी उखर्डू सुटला. एसटीच्या थांब्यापर्यंत तो शालिग्रामबरोबर चालत आला. नवीन साल सुरू होऊन दिवस गेले होते. आता कुठला मळा त्याला ठेवणार, ते त्यानं विचारलं नाही आणि शालिग्रामनंही सांगितलं नाही.

हिलालचं यंत्र पाकिटात सील करून मुद्देमालात गेलं. शालिग्रामचं खोलीतल्या फळीवर आहे. त्यानं तो रोज दाढी करतो. गळ्याखालचं अजून राहतं.

आधारला मुलगा नाही. पुढच्या आखाजीला त्याच्या नावाची घागर कोणी भरायची, ते कलाबाईनं ठरवलेलं नाही. मेहरूणच्या घरात विमलच्या नावाची घागर या आखाजीला भरायची होती. पहिलीच होती. घराला कुलूप होतं. ती भरायची राहिली आहे.