दोन मिनिटांचं नाणं

ही भाकडकथा नाही. आकुर्डीत, रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत घडलेली गोष्ट आहे, आणि तीही भरदिवसा.

धनेश तिथे राहतो. गाव साताऱ्याकडचं, नोकरी चाकणच्या कंपनीत. त्याचा मोठा भाऊ साहेबराव सीमेवर शहीद झाला. भाषणं झाली, हार वाळले, विचारपूस करणारे फोन बंद झाले. उरलं ते एक चांदीचं नाणं. पलटणीने शहिदांच्या घरच्यांना आठवण म्हणून दिलेलं. त्यावर उलटी बंदूक, तिच्यावर हेल्मेट.

त्यांची आई कौशल्याबाई रोज सकाळी अकराला ते नाणं साहेबरावाच्या फोटोपुढे ठेवायची आणि दोन मिनिटं गप्प उभी राहायची. गेलेल्या जवानांसाठी पलटण अशीच उभी राहते, हे साहेबरावानेच तिला सांगितलं होतं.

आई गावी गेली आणि धनेशने नाणं सोनाराकडे आटवायला नेलं. त्याला नुकतंच बाळ झालं होतं; बारशाला बाळाच्या हातात चांदीचे वाळे हवे होते. काकाचाच आशीर्वाद, असं त्याने बायकोला, करिष्माला, पटवलं.

बारसं थाटात झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडत होतं. करिष्माचा मिक्सर चालू होता...

आणि एकदम सगळं गप्प झालं.

मिक्सर फिरत होता, पण आवाज नव्हता. बाळाचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता.

छाती हलत नव्हती...

धनेश ओरडला. त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू आलं नाही.

मग मागून लोकल धडधडत गेली आणि बाळाने टाहो फोडला. अकरा नुकतेच वाजून गेले होते.

डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाळे उतरवून फोटोपुढे ठेवले. तरी तेच.

आई गावाहून आली. वाळे तिने हातात घेतले.

"काकाचा आशीर्वाद म्हणूनच केलं गं, आई..." धनेश म्हणाला.

"समदी इसरली त्याला. दोन मिनिटं तेवढी माझ्यापाशी व्हती. ती बी मोडून खाल्लीस व्हय रं?"

आता अकराला सगळं घर फोटोपुढे उभं राहतं. अकराला घरी असावं म्हणून धनेशने कायमची रात्रपाळी मागून घेतली आहे. बाळाच्या छातीवर हात ठेवून तो मनातल्या मनात भावाची माफी मागतो.

काल दोन मिनिटं संपली. लोकल गेली. गल्लीतला गलका परत आला...

बाळाचा आवाज आला नाही.

थोड्या वेळाने आला. पण धनेश काल रात्रपाळीला गेला नाही.

"त्यो न्हाई न्यायचा लेकराला. त्याचंच रगत हाय," आई म्हणते. पण म्हणताना धनेशकडे बघत नाही.

आज पुन्हा अकरा वाजत आलेत.