निळी झालेली कोरी नळी

त्याला जायचं होतं वरच्या मजल्यावर, पाणीखात्याच्या कचेरीत. शिरला मात्र थेट तिच्या प्रयोगशाळेत – हातात विहिरीच्या पाण्याची बाटली, नखांत रोपवाटिकेतली ओली माती.

"पाण्यातलं शिसं इथेच बघतात ना?"

"बघतात... पण हात धुऊन," ती म्हणाली.

तिच्या नळीत सोन्याचे कण तरंगत होते, इतके बारीक की द्रावण माणकासारखं लाल दिसे. पाण्यात शिसं असलं की ते कण एकमेकांना बिलगत आणि लाल रंग हळूहळू निळा होई. त्या दिवशी रंग लालच राहिला. तरीही दर आठवड्याला तो नवी बाटली घेऊन येऊ लागला.

"आज तरी निळं होऊ दे. लाल बघून कंटाळलो."

"मग येऊ नका."

"बघा हं... खरंच नाही येणार!"

चौथ्या खेपेला नळी खरोखरच निळी झाली. त्याचं हसू मावळलं.

"विहीर बंद करतील?"

"अहवाल गेला की... उद्याच."

"रोपं हलवता येतील हो. आई नाही हलायची विहिरीजवळच्या घरातून."

तो खाली मान घालून गेला. तिने पुन्हा तपासलं – निळं. मग निव्वळ शुद्ध पाण्याची कोरी नळी लावली. तीही निळी! तिने हात उजेडात धरले. तर्जनीच्या कडेला पुसटशी काळी रेघ होती. मावशीच्या जुन्या डबीतलं काजळ... असल्या काजळात शिसं असतं, हे तीच तर सगळ्यांना बजावत असे.

तिने त्याला फोन केला. तासाभरात तो ताजं पाणी घेऊन धापा टाकत आला.

"द्रावण बिघडलं होतं?"

"द्रावण ठीक आहे. मीच... काजळ घातलं होतं. बोटाला राहिलं."

"तुम्ही? अहो, तुम्ही घड्याळसुद्धा बाहेर काढून ठेवता! आज काय विशेष?"

नळी खाली ठेवायला तिला उगाचच वेळ लागला.

"तुम्ही येणार होतात."

त्याने बाटली पुढे केली. धुतलेल्या चेहऱ्याने, कपाळाला चिकटलेल्या ओल्या बटांनी तिने नव्या पाण्याचे थेंब सोडले. दोघं खिडकीपाशी वाकून बघत राहिले. उन्हात तो लाल रंग संथ हलत होता... बदलत नव्हता.

"लालच," तो कुजबुजला.

"सुटलात. आता यायची गरज नाही."

"गरज नाही ना? मग उद्या नुसताच येतो... बाटलीशिवाय. चालेल?"

ती वहीत निकाल लिहीत होती. मान वर न करताच म्हणाली, "पाचला सुटते मी. उशीर करायचा नाही."