अंगाई डॉक्टरांची करंगळी

चहा घेतलात ना सगळ्यांनी? मग ते मोबाईल पालथे ठेवा आणि दार ओढून घ्या, कॉरिडॉरचा वारा येतोय. पुढच्या केसला अर्धा तास आहे, तेवढ्यात होईल सांगून. आणि मध्येच "काहीतरीच काय मामा" करायचं नाही. चाळीस वर्षं काढलीत मी या थिएटरात, मशीन पुसण्यात आणि नळ्या धुण्यात. थापा मारायची हौस असती तर निवडणुकीला उभा राहिलो असतो.

आपल्याकडे भूल द्यायला एक डॉक्टर होते. सगळे त्यांना अंगाई डॉक्टर म्हणायचे. आवाज असा मऊ की पेशंट इंजेक्शनआधीच पेंगायला लागायचा. सहा वर्षं झाली या गोष्टीला. बावीस नोव्हेंबर, मंगळवारची रात्र. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांना फोन गेला: बसवरची कंडक्टर बाई आलीय, अपेंडिक्स फुटलंय, लगेच या.

डॉक्टरांनी पायजम्यावरच स्वेटर चढवला. घरात एकटेच राहायचे, सांगायला कोणी नव्हतं. स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली. रस्ता मोकळा, सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत होते. वीस मिनिटांत ते टेबलाच्या उशाशी, आपल्या स्टुलावर.

ट्रेमध्ये सिरिंज ओळीने मांडल्या, एकेकीला चिठ्ठी. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाहेरच्यांना वाटतं, भूल म्हणजे एक सुई आणि माणूस गार. तुम्हाला तरी नीट ठाऊक पाहिजे. आधी दुखणं मारणारं औषध. मग ते दुधासारखं पांढरं, झोपेचं. पण त्याची झोप दहा मिनिटांची. मग अंग सैल करणारं. त्याने बोटसुद्धा हलत नाही, श्वासही घेता येत नाही, म्हणून घशात नळी आणि मशीनचा श्वास. पुढची सगळी झोप मशीनवरच्या त्या भांड्यातल्या गॅसवर. भांडं रिकामं होत आलं की डायल शून्यावर आणायचा, भांडं भरायचं, डायल परत फिरवायचा. एवढंच! पण ते शेवटचं विसरलात तर भांडं भरलेलं दिसतं, मशीन चालू असतं, पेशंट शांत पडलेला असतो. शांत कसला डोंबलाचा, त्याला हलताच येत नाही.

ती कंडक्टर बाई घाबरली होती. म्हणाली, "साहेब, हात धरता का जरा?"

डॉक्टरांनी मास्क नीट करायचं निमित्त केलं. "दहापासून उलटे आकडे मोजा ताई," म्हणाले. हात काही दिला नाही. तेरा वर्षं झाली होती, ते कुणाच्याही हातात बोट देत नव्हते.

का, ते सांगतो. त्यांना एकच बहीण, दहा वर्षांनी लहान. धाकटीच म्हणायचे तिला. आई लवकर गेली, म्हणून वेण्या घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ह्यांनीच केलं. रस्ता ओलांडताना ती त्यांची करंगळी तेवढी धरायची. अख्खा हात धरला की फणकारायची, "मी काय बाळ आहे?" चार वर्षांचं कार्टं!

मोठी झाली, लग्न झालं, पुढे पित्ताशयात खडे निघाले. आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये असं म्हणतात. पण तिने हट्टच धरला. "भूल दादाच देणार. नाहीतर राहू देत माझे खडे माझ्यापाशी."

टेबलावर पडल्यावर म्हणाली, "दादा, मी मध्येच जागी झाले तर रे?"

"तर माझी करंगळी दाब. नेहमीसारखी."

"आणि तू तिथे नसलास तर?"

"मी उशाशीच असतो गं वेडे. जाणार कुठे?"

तिने करंगळी धरली आणि दहापासून उलटं मोजायला लागली. चारला झोपली.

मध्ये गॅस संपत आला. डॉक्टरांनी डायल शून्यावर आणला, भांडं भरलं. तेवढ्यात सर्जनने काहीतरी विनोद केला, नव्या बुटांनी टाच सोलली म्हणून. डॉक्टर हसले. आणि त्या हसण्यात डायल राहिला. थोड्या वेळाने धाकटीचा पल्स चढायला लागला. शंभर, एकशे वीस, एकशे बत्तीस. डॉक्टरांना वाटलं रक्त गेलंय, त्यांनी सलाईन वाढवलं. तिच्या डोळ्याच्या कडेने एक थेंब ओघळला. त्यांनी तो कापसाने पुसला आणि पापणीवरची चिकटपट्टी आणखी घट्ट दाबली. वीस मिनिटांनी त्यांची नजर डायलवर गेली. शून्य.

त्यांनी तो गुपचूप फिरवला. कुणाचंच लक्ष नव्हतं. चार्टवर त्या वीस मिनिटांसमोर त्यांनी लिहून टाकलं, गॅस चालू, दोन टक्के.

संध्याकाळी धाकटी शुद्धीवर आली. घसा बसलेला. म्हणाली, "दादा, मी जागी होते. सगळं कापलेलं कळत होतं. ते बुटांचं बोललेलं ऐकलं मी. तुझी करंगळी दाबायला बघत होते, हातच हलेना रे."

खरं सांगायची ती वेळ होती. तोंडापर्यंत आलं होतं म्हणे. पण बाजूला तिचा नवरा, सर्जन, सिस्टर. अब्रूची भीती वाटली त्यांना. म्हणाले, "अगं, भास असतो तो. औषधाने विचित्र स्वप्नं पडतात."

झालं. डॉक्टरच म्हणाला म्हटल्यावर सगळ्या घराने तेच धरलं. ती रात्री दिवा लावून भिंतीला टेकून बसायची. आडवं व्हायला भ्यायची. लोक म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. पुढे तीच स्वतःला वेडी समजायला लागली. दर फोनवर एकच विचारायची, "दादा, खरंच भास होता ना? मला वेड तर लागलं नाही ना?" आणि हे म्हणायचे, "अगं, झोप आता." त्या पोरीला सांगायचे, झोप!

तिसऱ्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. खरं सांगायला माणूसच उरलं नाही. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, सांगायला लाज कसली?

तर, ती मंगळवारची रात्र. कंडक्टर बाई झोपली. ऑपरेशन सुरू झालं. त्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी कानाला खडा लावला होता, डायल दोनदा हात लावून बघायचे. दोन वाजून वीस मिनिटांनी भांडं भरायला घेतलं. डायल शून्यावर. भांडं भरलं. आणि सर्जन ओरडला, "टेबल खाली घ्या, टेबल! रक्तात काही दिसेना मला!" डॉक्टर वाकले, टेबलाचा दांडा फिरवू लागले. दांडा अडकला होता, त्यात वेळ गेला. मग स्टुलावर येऊन बसले.

दोन पस्तीस. पल्स शंभर.

दोन अडतीस. एकशे अठरा.

"सलाईन वाढवा," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

मागून आवाज आला.

"दादा..."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. मागे भिंत. भिंतीवर घड्याळ. बस.

"काही म्हणालात सर?" सिस्टरने विचारलं.

"नाही... तुम्ही?"

"नाही सर."

मशीनचा श्वास चालला होता. वर, खाली. वर, खाली.

"दादा..."

या वेळी कानाशी. घसा बसलेला आवाज.

त्यांची मान वळेना. खाली पेशंटकडे बघितलं. चिकटपट्टीच्या कडेने एक थेंब निघाला होता. कानाकडे चालला होता.

पल्स एकशे बत्तीस.

तोच आकडा...

त्यांनी डायलकडे पाहिलं.

शून्य.

दुसरा कोणी असता तर हातपाय गळाले असते. ह्यांनी पांढऱ्या औषधाची सिरिंज उचलली, सलाईनच्या नळीत रिकामी केली, डायल फिरवला. आणि बाईच्या कानाशी वाकून म्हणाले, "झालं हं ताई. कळलं मला. झोपा आता." पल्स उतरला. एकशे दहा. नव्वद. ऐंशी.

ऑपरेशन नीट पार पडलं. पावणेचारला बाईच्या घशातली नळी काढली, बाहेर खाटेवर आणलं. डॉक्टर शेजारी उभे. तिने डोळे उघडले, बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब... मी मध्येच जागी झाले होते का हो?"

सगळे बघत होते. सर्जन हात पुसत होता. डॉक्टरांच्या जिभेवर तेरा वर्षांपूर्वीचा शब्द तयार होता. भास.

तीच पुढे बोलली. "हात हलेना. डोळा उघडेना. मेले म्हटलं मी. मग एक बाई आली. तिने माझा हात धरला. म्हणाली, घाबरू नकोस, मी दादाला हाक मारते. आज ऐकेल तो."

...

डॉक्टर खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच.

"जागी होतात ताई तुम्ही," ते म्हणाले. "दहा-बारा मिनिटं. गॅसचा डायल मी बंद ठेवला होता. चूक माझी आहे. सगळ्यांदेखत सांगतोय आणि कागदावरही तसंच लिहिणार आहे."

बाई रडायला लागली. "म्हणजे मला वेड नाही लागलेलं ना?"

हा प्रश्न त्यांनी आधी किती वेळा ऐकला होता, ते तुम्हाला ठाऊक आहे. "नाही ताई," म्हणाले, "अजिबात नाही."

चारच्या सुमाराला सगळे पांगले. डॉक्टर मशीन बंद करायला एकटेच थिएटरात गेले. मोठा दिवा विझवलेला. टेबल रिकामं. पल्स मोजायचा तो बोटाला लावायचा चिमटा टेबलाच्या कडेवरून लोंबत होता.

कुणाच्या बोटाला नव्हता.

मशीन वाजत होतं. टिक. टिक. टिक.

एकशे बत्तीस.

त्यांनी बटणाला हात लावला नाही. हळूच आपल्या स्टुलावर बसले. उशाशी.

"धाकटे..."

एकशे बत्तीस.

"तू जागी होतीस."

टिक. टिक. टिक.

"भास नव्हता गं. डायल बंद होता. मी बंद ठेवला होता. तुझा थेंब मी पुसला आणि मला कळलं नाही. नंतर कळलं... तरी मी बोललो नाही. तुला वेड नव्हतं लागलं, बाळा. मी भ्यालो होतो. नुसता भ्यालो होतो."

एकशे वीस.

"माझं चुकलं."

शंभर.

"मी उशाशी होतो. पण नव्हतोच."

अठ्ठ्याऐंशी... बहात्तर. गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

मग आकडा गेला. पडदा काळा झाला. डॉक्टरांनी तेरा वर्षांनी डावा हात पुढे केला, करंगळी सुटी ठेवून, त्या रिकाम्या उशीवर. किती वेळ, त्यांना सांगता आलं नाही.

सकाळी सहाला मी ड्यूटीवर आलो तेव्हा ते तसेच बसलेले. मला वाटलं डोळा लागलाय. म्हटलं, "साहेब, घरी जा." त्यांनी मान वर केली. चेहरा रडून सुजलेला, पण शांत. हात पुढे करून म्हणाले, "मामा, हे बघ रे जरा."

करंगळीवर निळ्या खुणा होत्या. कुणीतरी जीव खाऊन दाबल्यासारख्या. मी म्हटलं, टेबलाच्या दांड्यात सापडली असेल. त्यानंतर मात्र टेबलावरच्या प्रत्येक माणसाला झोपवताना ते करंगळी द्यायचे.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. इथेच, खालच्या वॉर्डात. घरचं कोणी नव्हतं म्हणून चादर मीच ओढली. हात आत घेताना करंगळी उजेडात आली. पाच वर्षांत त्या खुणा गेल्या नव्हत्या. चार होत्या. मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली, बसेनात. धाकटी गेली तेव्हा तीस वर्षांची होती. पण त्या खुणा एवढ्या-एवढ्याशा होत्या, चार वर्षांच्या पोरीच्या बोटांएवढ्या.